तागा एक, नावे तीन
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



सुरत शहराच्या आग्नेयेस लिंबायत नावाचा भाग आहे. जळगाव, अमळनेर, नंदुरबार अशी ठाणी घेत येणारी आगगाडी उधन्यास पोहोचते, आणि तेथून ही वस्ती हाकेच्या अंतरावर आहे. पोटापाण्यासाठी गाव सोडून आलेली खानदेशी कुटुंबे इथे मोठ्या संख्येने राहतात. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि हिंदी अशा चार भाषांत त्यांचा दिवस जातो. आज ज्या विषयावर मला बोलावयाचे आहे तो संगणकाचा आहे आणि त्याचे शास्त्रीय नाव कानाला जड वाटेल. परंतु तो समजून घेण्यास लिंबायतीसारखी दुसरी चांगली जागा मला दिसत नाही.

असे समजा की, लिंबायतीत एका खानदेशी गृहस्थाची भरतकामाची दोन यंत्रे आहेत. रिंगरोडवरील कापडबाजारातला व्यापारी त्याच्याकडे कापड पाठवतो, हा त्यावर भरतकाम करून परत देतो आणि मजुरीचे बिल करतो. कापड मोजण्याचा प्रसंग आला की व्यापाऱ्याच्या गुजराती वहीत 'ताको' लिहिला जातो. आमच्या गृहस्थाच्या मराठी वहीत त्याचाच 'तागा' होतो. आणि सरकारी करपत्रकात यांपैकी कोणताच शब्द चालत नाही; तेथे मोजमापाच्या एककाला ठरलेली तीन इंग्रजी अक्षरे असतात, मीटरसाठी एमटीआर, नगासाठी पीसीएस. कापड तेच, मीटर तेवढेच, पैसेही तेच. नावे मात्र तीन. कागदी वह्यांच्या काळात हा घोळ मेहताजी डोक्यात सांभाळत असत. ताको म्हणजे तागा हे त्यांना कोणी शिकवावे लागत नसे. संगणकाला मात्र यातले काहीही आपणहून कळत नाही. त्याला प्रत्येक जोडी सांगावी लागते.

ही जोडी सांगायची म्हणजे काय, ते पाहू. हिशेबाचा कार्यक्रम चालू असतो तेव्हा त्याच्या स्मरणात चलान ही एक 'वस्तू' असते. संगणकशास्त्रात तिला ऑब्जेक्ट म्हणतात. या वस्तूला गुण असतात: पार्टीचे नाव, तारीख, तागे, मीटर, दर. कार्यक्रम बंद झाला की वस्तू नाहीशी होते, म्हणून ती लिहून ठेवावी लागते. आणि दुसऱ्याला पाठवायची तर त्याला वाचता येईल अशा रीतीने लिहावी लागते. अशा लेखनाची एक सर्वमान्य पद्धत म्हणजे एक्सएमएल. १० फेब्रुवारी १९९८ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने ती प्रमाण म्हणून स्वीकारली. तिच्यात प्रत्येक माहितीच्या दोन्ही अंगांना टोकदार कंसांत नावाची खूण घालतात, डब्यावर चिठ्ठी लावावी तशी. मोठ्या डब्यात लहान डबे ठेवता येतात. या चिठ्ठ्यांवरची नावे देवनागरीत असली तरी चालतात. एक्सएमएलच्या पहिल्या आवृत्तीतच आपल्या लिपीची अक्षरे नावांसाठी ग्राह्य धरली होती, ही गोष्ट आपल्याकडच्या पुष्कळ कार्यक्रमकारांनाही ठाऊक नसते. 'तागा' ही चिठ्ठी लावलेला डबा हा पूर्णपणे शास्त्रशुद्ध एक्सएमएल आहे.

वस्तूचा कोणता गुण कागदावरच्या कोणत्या डब्यात जाईल, याच्या यादीला आपण जुळणीपत्रक म्हणू. माहिती कशी मांडावी याविषयीची ही माहिती. आता खरा प्रश्न असा की, हे जुळणीपत्रक ठेवायचे कोठे? ते कार्यक्रमाच्या पोटात शिवून टाकता येते किंवा बाहेर वेगळ्या फायलीत ठेवून कार्यक्रम सुरू होताना वाचून घेता येते. एवढ्याशा निवडीवर एखाद्या लहान कारखानदाराचे स्वातंत्र्य अवलंबून राहते, असे मी म्हणालो तर ते अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु वस्तुस्थिती तशीच आहे.

मागावर काम केलेल्या माणसाला हा फरक चटकन समजेल. साध्या मागावर किनारीची नक्षी बदलायची तर उभ्या धाग्यांची सगळी भरणी उलगडावी लागे. बनारसच्या नक्षाबंदांनी यावर जुन्या काळीच तोड काढली होती. नक्षीचा दोऱ्यांचा साचा ते वेगळा बांधून मागावर चढवीत. फ्रान्समधील लियाँ शहरात १७२५ मध्ये बासिल बुशाँ याने भोके पाडलेली कागदी पट्टी वापरली, १७२८ मध्ये फाल्काँ याने एकमेकांस ओवलेले पुठ्ठे आणले, आणि १८०४ मध्ये जोझेफ मारी जाकार याने आपल्या यंत्राचे एकस्व घेतले. त्याच्या नावाने ओळखले जाणारे जॅकार्ड आजही विणकाम करते. पुठ्ठ्यात भोक असेल तेथे आकडा उचलला जातो आणि त्याबरोबर उभा धागा. भोक नसेल तेथे धागा खालीच राहतो. नक्षी बदलायची असेल तेव्हा पुठ्ठ्यांची माळ उतरवायची आणि दुसरी चढवायची. मागाला हात लावावा लागत नाही. लिंबायतीतल्या भरतकामाच्या यंत्रांत पुठ्ठ्यांची जागा आता पेनड्राइव्हने घेतली आहे, एवढेच. नक्षी काढणारा कलावंत दुसऱ्या गल्लीत बसतो आणि यंत्राच्या मालकाला त्याच्या घरी जावे लागत नाही.

ही उपमा एका ठिकाणी अपुरी पडते, तेही सांगितले पाहिजे. पुठ्ठ्यांची माळ एकाच दिशेने काम करते: तिच्यावरून कापड होते, परंतु कापडावरून माळ आपोआप होत नाही. जुळणीपत्रक दोन्ही दिशांनी चालते. वस्तूवरून कागद तयार करणे आणि आलेल्या कागदावरून वस्तू पुन्हा उभी करणे, ही दोन्ही कामे त्याच एका यादीने होतात. म्हणून त्यात चूक राहिली तर तीही दोन्हीकडे पसरते.

सुरतेच्या धंद्यात हे प्रकरण जिव्हाळ्याचे का झाले? १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. त्या महिन्यात सुरतेच्या कापडबाजाराने मोठा बंद पाळला, हे अनेकांच्या स्मरणात असेल. बंद संपला; पत्रकांचे नमुने मात्र बदलत राहिले. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना बीजकावर मालाचा सहा अंकी संकेतांक लिहिणे भाग पडले. ऑक्टोबर २०२० मध्ये विद्युत् बीजकाची सक्ती ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या पेढ्यांपुरती होती. ती मर्यादा पायरीपायरीने उतरत १ ऑगस्ट २०२३ रोजी ५ कोटींवर आली. म्हणजे जो नमुना तीन वर्षांपूर्वी बड्या गिरण्यांचा प्रश्न होता, तो मध्यम व्यापाऱ्याच्या दाराशी येऊन उभा राहिला. आणि व्यापाऱ्याचा नमुना बदलला की त्याच्यासाठी मजुरीने काम करणाऱ्यालाही आपली चलाने त्या बेताने द्यावी लागतात. ज्यांच्या कार्यक्रमात जुळणी पोटात शिवलेली होती, त्यांना प्रत्येक बदलास कार्यक्रमकाराला बोलावून कार्यक्रम नव्याने बांधून घ्यावा लागणार. तो येईपर्यंत बिल अडते. बिल अडले की मजुरी अडते. यंत्रावर बसलेल्या कारागिराला आठवड्याचा पगार द्यायचा असतो, त्याला नमुना बदलल्याचे कारण सांगून भागत नाही.

जुळणीपत्रक बाहेर असेल तर कार्यक्रम जसाच्या तसा राहतो. फक्त नवी फाइल त्या जागी ठेवायची. ती काही पानांची असते आणि साक्षर माणसाला थोड्या सरावाने वाचताही येते.

जावा या संगणकभाषेत या गोष्टीचा इतिहास पाहण्यासारखा आहे. कॅस्टर नावाच्या मुक्त साधनाने आरंभीच्या काळातच बाहेरच्या फायलीची वाट धरली होती. २००३ मध्ये जॅक्सबी हे प्रमाण आले. त्याच्या २००६ मधील दुसऱ्या आवृत्तीने उलट रीत रूढ केली. गुणाच्या शेजारीच, कार्यक्रमाच्या मजकुरात, टिपण म्हणून जुळणी लिहायची. ही रीत सोपी असल्याने तीच सर्वत्र पसरली. पुढे ओरॅकल कंपनीने आपले टॉपलिंक हे साधन एक्लिप्स प्रतिष्ठानाच्या स्वाधीन केले आणि त्यातून एक्लिप्सलिंक तयार झाले. त्याचा मॉक्सी नावाचा जो भाग आहे, त्याने दोन्ही रीतींचा मेळ घातला: टिपणे हवी तर ठेवा, आणि त्यांवर बाहेरच्या फायलीचा अंमल चालू द्या.

हा अंमल कसा चालतो, ते जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. कार्यक्रम सुरू होतो तेव्हा एकही चलान वाचण्यापूर्वी तो एक 'संदर्भ' उभारतो. वस्तूंचे साचे आणि जुळणीपत्रक दोन्ही त्याच्या हाती दिली जातात. पत्रक फाइल म्हणून देता येते, जाळ्यावरच्या पत्त्यावरून आणता येते किंवा आधीच स्मरणात असलेला मजकूर म्हणूनही देता येते. संदर्भ त्यातील ओळन् ओळ वाचतो, वस्तू आणि पत्रक यांची सांगड घालतो आणि स्मरणात एक तयार तक्ता करून ठेवतो. यात वेळ जातो. परंतु एकदा तक्ता झाला की हजारो चलाने त्यावरून झरझर उतरतात. काही कार्यक्रमकार प्रत्येक चलानासाठी नवा संदर्भ उभारतात आणि मग यंत्र मंद असल्याची तक्रार करतात. दर ताग्याला नवा माग बसवावा तसला हा प्रकार!

पत्रकाचा अंमल दोन तऱ्हांचा असतो. एकात ते कार्यक्रमातील टिपणांवर पांघरूण घालते. पत्रकात ज्याचा उल्लेख आहे तेवढेच बदलते, बाकीचे पूर्ववत राहते. दुसऱ्यात पत्रकाच्या माथ्यावर 'हे पत्रक संपूर्ण आहे' अशी खूण असते आणि मग टिपणांकडे कोणी पाहतच नाही. कोणती तऱ्हा चालू आहे याचा विसर पडला की घोटाळा ठरलेला. माझे मत विचाराल तर धंद्याच्या कामाला दुसरी तऱ्हा बरी. तिच्यात लिहावे अधिक लागते. परंतु जे काही आहे ते एका जागी दिसते.

आणखी एक गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते, पण सर्वांत जास्त फसवते ती हीच. पुष्कळ ठिकाणी पत्रक वेगळ्या फायलीत लिहितात खरे, परंतु ती फाइल कार्यक्रमाच्याच गाठोड्यात बांधून देतात. मग ती बाहेरची कसली? ती बदलायची तर गाठोडे सोडून पुन्हा बांधावे लागणार, म्हणजे कार्यक्रमकाराची वाट पाहणे आलेच. पत्रक खऱ्या अर्थाने बाहेर ठेवायचे तर ते कोठे आहे हे कार्यक्रमाला एखाद्या नोंदीतून सांगता आले पाहिजे. आणि तेथे ते सापडले नाही तर आत ठेवलेली मूळ प्रत घेऊन काम चालावे, पण तसे झाल्याचे पडद्यावर स्पष्ट दिसावे.

जुळणी म्हणजे नुसती नावांची अदलाबदल नव्हे. सुरतेच्या पेढ्यांवर आढळणाऱ्या टॅली या हिशेबी कार्यक्रमात एक्सएमएलच्या रूपाने नोंदी आत घेता येतात आणि बाहेर काढता येतात. तेथे तारीख आठ सलग अंकांत, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, अशी लिहावी लागते. विद्युत् बीजकात दिवस आधी येतो आणि मध्ये तिरक्या रेघा असतात. अशा वेळी जुळणीपत्रक फक्त 'येथे अमुक रूपांतरकाला बोलवा' एवढे सांगू शकते. तो रूपांतरक मात्र कार्यक्रमातच लिहिलेला असावा लागतो. बाहेरच्या फायलीने सर्व काही साधते असे सांगणारे जे विक्रेते भेटतात, त्यांना हा प्रश्न जरूर विचारावा. घरांची रचना मात्र पत्रकाला हाताळता येते. आपल्याकडे शहर हा चलानाचा सरळ गुण असेल आणि व्यापाऱ्याच्या नमुन्यात तो पार्टीच्या डब्यातल्या पत्त्याच्या डब्यात असेल, तर तेवढा मार्ग मॉक्सीच्या पत्रकात एका ओळीत लिहिता येतो.

आता धोक्याची बाजू. पोटात शिवलेल्या जुळणीत गुणाचे नाव बदलले तर टिपण त्याच्याबरोबर हलते, कारण ते शेजारीच असते. बाहेरच्या फायलीला याचा पत्ताही नसतो. त्याहून वाईट प्रकार डब्याच्या नावात अक्षर चुकले तर होतो. जॅक्सबीच्या नेहमीच्या रीतीनुसार वाचताना अनोळखी डबा आला तर कार्यक्रम तो निमूटपणे ओलांडून जातो, ओरडत नाही. समजा, व्यापाऱ्याकडून आलेल्या कागदावर 'मीटर' अशी चिठ्ठी आहे आणि पत्रकात ती 'मिटर' अशी पडली. कार्यक्रम चालू राहील, चलान पडद्यावर दिसेल, पार्टीचे नाव बरोबर असेल, तारीख बरोबर असेल. मीटरच्या घरात मात्र शून्य किंवा काहीच नाही. ऱ्हस्व-दीर्घाची चूक शाळेत एका गुणाला पडते. येथे ती संपूर्ण मजुरीला पडू शकते. दिवसाला शंभर चलाने जात असतील तर हे ध्यानात येण्यास आठवडाही लागेल.

याला उपाय आहे आणि तो मुळीच महागडा नाही. ज्याचे सर्व आकडे आपल्याला पाठ आहेत असे एक नमुन्याचे चलान जवळ ठेवावे. नवे पत्रक आले की ते चलान कागदावर उतरवावे, कागदावरून पुन्हा वस्तू उभी करावी, आणि दोन्ही ताडून पाहावी. शिवाय समोरच्याने ठरवून दिलेल्या आराखड्यावर तो कागद तपासून घ्यावा. कारण जाण्यायेण्याच्या दोन्ही वाटांवर एकच चूक असेल तर नुसत्या ताडण्याने ती पकडली जात नाही. चांगला कार्यक्रम ही परीक्षा सुरू होतानाच घेतो आणि पत्रक नापास झाले तर पुढे जात नाही. भरतकामाचा कारागीर नवी नक्षी आधी चिंधीवर काढून पाहतो, मग साडी लावतो. त्याला हे पटवून द्यावे लागणार नाही.

बाहेरून येणारी फाइल कोणाकडून आली, हेही पाहणे आले. एक्सएमएलमध्ये अशी एक जुनी सोय आहे की, कागद वाचणाऱ्यालाच 'अमुक फायलीतला मजकूर येथे आणून घाल' असे सांगू शकतो. अजाण वाचक ते ऐकतोही, आणि घरातला मजकूर बाहेर जातो. ही सोय वाचताना बंद ठेवावी, आणि पत्रक कोणाही अनोळखी माणसाच्या पेनड्राइव्हवरून घेऊ नये.

कोणी म्हणेल, इतका खटाटोप प्रत्येकाने करावा काय? मुळीच नाही. ज्याचा नमुना एकच आहे आणि जो स्वतःच तो ठरवतो, त्याने जुळणी कार्यक्रमात टिपणाने लिहावी आणि सुखाने झोपावे. बाहेरच्या पत्रकाचे चीज तेव्हा होते, जेव्हा एकाच वस्तूला अनेक नमुने असतात, किंवा वस्तूचा साचा दुसऱ्याने लिहिलेला असून त्यात टिपण घालण्याची मुभा नसते, किंवा नमुना बदलण्याचा अधिकार आपल्या हाती नसतो. मजुरीवर काम करणाऱ्या लिंबायतीच्या माणसाला यांतली पहिली आणि तिसरी अडचण रोज भेटते.

एक्सएमएलच जर मागे पडले तर? हा प्रश्न गैर नाही. आयकराची विवरणपत्रे पूर्वी एक्सएमएलमध्ये चढवली जात; २०२१-२२ या करनिर्धारण वर्षापासून त्यांची जागा जेसॉन या दुसऱ्या लेखनपद्धतीने घेतली. वस्तू व सेवा कराचे विद्युत् बीजकही जेसॉनमध्येच असते. परंतु मॉक्सीसारख्या साधनात तेच जुळणीपत्रक ठेवून, संदर्भाला फक्त लेखनाची जात बदलण्यास सांगितले की जेसॉन उतरते. नावांची जी सांगड एकदा कष्टाने बसवली, ती वाया जात नाही. जावाबरोबर पूर्वी जॅक्सबी आयते मिळत असे. २०१८ च्या अकराव्या आवृत्तीपासून ते काढून टाकले गेले आणि आता वेगळे आणून जोडावे लागते. तेव्हाही ज्यांची पत्रके बाहेर होती, त्यांना ती पुन्हा लिहावी लागली नाहीत.

शेवटची गोष्ट जुन्या पत्रकांची. नवे पत्रक चढवले की जुने पुसून टाकण्याची सवय फार दिसते. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. त्या काळात चलान मागितले गेले आणि ते ज्या नमुन्यात लिहिले होते त्याचे पत्रकच नसेल, तर फाइल हाती असून तिचा अर्थ सांगता येणार नाही. म्हणून प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू होते हे लिहावे. कार्यक्रमाने चलानाची तारीख पाहून त्या त्या काळाचे पत्रक निवडावे. आणि या सगळ्या पत्रकांची एक प्रत मालकाच्या स्वतःच्या कपाटात, वहीशेजारी असावी. कार्यक्रमकार उद्या सुरत सोडून पुण्यास गेला, तरी नवा माणूस ती फाइल उघडून वाचू शकतो: हा तागा, हा ताको, आणि हे एमटीआर.